आधी तीन पत्रं

पाहुण्या सर्जनांचं विमान चुकलं आणि आमचं मोतीबिंदूचं शिबिर सोमवारचं बुधवारवर गेलं. हे कळलं तेव्हा शनिवारची दुपार झाली होती. डोंगरातले रुग्ण रविवारी पहाटेच पायी निघणार होते. त्याआधी दोनशेहून जास्त आरोग्यकेंद्रांना नवा दिवस आणि वेळ कळवायची होती. फोन करत बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत निम्मेही झाले नसते. म्हणून काम एआय एजंटकडे आलं. आम्ही त्याला लेखनिक म्हणत असू.

देसे शहरातल्या आमच्या नेत्र रुग्णालयात प्रयोगशाळा माझ्याकडे आहे, आणि लेखनिकाला कामाला लावायची जबाबदारीही माझ्यावरच आली होती. मी त्याला प्रयोगशाळेचीच शिस्त घालून दिली. नवं रसायन आलं की आम्ही ते सगळ्या नमुन्यांवर वापरत नाही, आधी थोड्यांवर पाहतो. तसंच इथेही. एकगठ्ठा ईमेल जायच्या असतील तर आधी तीन वेगवेगळ्या ठिकाणी जातील, तिथली उत्तरं येतील, मग बाकीच्या. शिवाय काम सांगणारा आणि परवानगी देणारा माणूस एकच नसेल. परवानगी सिस्टर येशिमेबेत देणार.

रुग्णांना गावोगाव फिरून राजी करते ती. गेल्या वर्षी वेळेचा घोळ झाला, एका खोऱ्यातली माणसं आमच्या फाटकातून तशीच परत गेली, आणि पुढे तिथे तिला कुणी उंबऱ्यात उभं करेना. तरी ती या वर्षी पुन्हा गेली. दारोदार शब्द देऊन आली.

"या वेळी हेलपाटा पडला तर त्या खोऱ्यातून परत कुणी येणार नाही, फोझिया," ती मला म्हणाली. "मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शिबिर सांभाळणारे डॉक्टर दामतेव आत आले ते घाईतच. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, "लिही, शिबिर बुधवारी. रुग्णांनी दोन वाजता फाटकाशी हजर राहावं. पाठव."

आमच्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. आमचे दोन म्हणजे फेरेंज्यांचे, परदेशी लोकांचे, सकाळचे आठ. कामाच्या रगाड्यात आम्ही दोन्ही घड्याळं वापरतो आणि कुठलं ते सांगायचं विसरतो.

पडद्यावर उत्तर उमटलं. "मसुदा तयार आहे. आधी तीन केंद्रांना पाठवून विचारतो, तुमचे रुग्ण केव्हा पोचतील, सकाळच्या कॉफीला की दुपारच्या जेवणानंतर? 'दोन वाजता' म्हणजे सगळे एकच वेळ समजतील याची मला खात्री नाही."

"दोन म्हणजे दोन!" डॉक्टर वैतागले. "याला कामाला ठेवलंय की लग्नाची बोलणी करायला?"

"बोलणी करणारे चार वेळा विचारतात, म्हणूनच लग्नं जमतात, डॉक्टर," सिस्टर म्हणाली. "तुमचं उगाच राहिलं का?"

डोंगरातल्या दोन केंद्रांची उत्तरं लगेच आली. सकाळी पोचतो. तिसरं येईना. बाहेर उन्हं कलली.

"अगं, दोघांनी सांगितलं ना? दे परवानगी," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने परवानगीच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. उशीर झाला तर माणसं निघणार, आणि चुकीचं गेलं तरी माणसं फसणार. दोन्हीकडून तिचाच शब्द जात होता.

"पाठवू का रे मी?" तिने माणसाला विचारावं तसं लेखनिकाला विचारलं.

"निर्णय तुमचा आहे. पण उरलेलं केंद्र परदेशी संस्था चालवते. तिथे काय समजतात हे कळावं म्हणूनच ते निवडलं होतं. त्यांना एक फोन करता येईल का?"

तिने केला. पलीकडचा माणूस खुशीत होता. "मिळालं, मिळालं! दोन ना? जेवूनखाऊन येतो सगळे."

"कुठलं जेवण, भाऊ?"

"दुपारचं, सिस्टर. दोन वाजता अजून कुठलं जेवतात?"

डॉक्टर खुर्चीत बसले. डोळ्यांत थेंब घालायला सकाळीच सुरुवात होते. दुपारी आलेल्यांना आम्ही परतच पाठवलं असतं.

लेखनिकाने केंद्रांची जुनी पत्रं तपासली. फेरेंजी घड्याळाने लिहिणारी केंद्रं चाळीसच्या वर निघाली. त्याने मजकूर बदलला: 'बुधवारी, सूर्य उगवल्यावर दोन तासांनी, सकाळच्या कॉफीच्या वेळी, फेरेंजी घड्याळात सकाळचे आठ.' आणि पुन्हा तिघांनाच पाठवला.

"परत तीन?" डॉक्टरांचा आवाज आता मऊ होता.

"मजकूर बदलला आहे, डॉक्टर."

या वेळी तिघांचीही उत्तरं सारखी आली. सिस्टरने परवानगी दिली. तरीही पत्रं एका दमात गेली नाहीत. थोडी जात, तो थांबून उत्तरं पाही, मग पुढची जात. डोळ्याचं पातं लवण्याआधी त्याला सगळी पाठवता आली असती. मी बघत राहिले. माझ्या प्रयोगशाळेत इतक्या संयमाने काम करणारं माणूस मला अजून मिळालेलं नाही. शेवटी त्याने उत्तर न आलेल्या केंद्रांची नावं आमच्यापुढे ठेवली. 'यांना पत्र गेलं आहे, पण कुणी वाचलं की नाही ते मला सांगता येत नाही.' तेवढ्यांना आम्ही तिघांनी फोन केले. त्यात सिस्टरचं खोरंही होतं.

बुधवारी मी फाटकाशी पोचले तेव्हा पांढऱ्या जाड शाली, गाबी, पांघरून भिंतीला टेकलेल्या माणसांची रांग वळणापर्यंत गेली होती. खोऱ्यातली माणसं सगळ्यांत पुढे. त्यांतल्या एका म्हातारीने काठी आपटली.

"ए सिस्टर! दोन वाजून गेले. आम्हाला वेळेवर बोलावलंस आणि तुझा डॉक्टर झोपलाय होय?"

"आले, आई, आलेच!" म्हणत येशिमेबेत आत धावली. जिन्यातून तिचा आवाज ऐकू आला, "डॉक्टर, उतरा खाली! बाहेर माझी माणसं तुमच्या नावाने ओरडतायत!"

इतक्या आनंदाने तक्रार करताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.