नकाराचं एक वाक्य

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कॉम्प्युटरचं वेड होतं. त्याच्यासारख्या हौशी लोकांनी आपापल्या घरची मशीनं टेलिफोनच्या तारेवर जोडून एक टपाल-जाळं उभं केलं होतं. एक मशीन दुसऱ्याला फोन लावी, पत्रं देई-घेई, हवी ती फाईलही मागे. हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम जुळाऱ्यानेच लिहिलेला.

अनोळखी मशीनने फाईल मागितली तर काय करायचं, यावर त्याचा जाळ्यातल्या चष्मेवाल्या बाईंशी खटका उडाला.

"देऊ नका हवं तर," बाई म्हणाल्या, "पण नाही तरी म्हणा. दारातून माणूस मुकाट परत पाठवतं का कुणी?"

"नाही म्हटलं की आत काहीतरी आहे हे कळतं. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं."

प्रोग्रॅम त्याचा, म्हणून शब्दही त्याचाच चालला. अनोळखी मागणी आली की मशीन फोन ठेवून देई. नोंदसुद्धा ठेवत नसे.

जुळाऱ्याचा थोरला भाऊ दूरच्या गावी होता. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो आला नाही, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. जुळाऱ्याने आईचा आवाज टेपवरून मशीनवर उतरवून ठेवला होता. ती कुणाला तरी रागावते आणि मधेच हसते, एवढंच.

एके दिवशी वहिनीचा फोन आला. दादा गेला होता.

तो पहिल्या गाडीने निघाला. सगळं आटोपल्यावर वहिनी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर एक जुनं मशीन होतं.

"हे कुणाचं?"

"यांचंच. शेजाऱ्याकडून घेतलं. तुमच्या ताईंनी सांगितलं होतं ना, सासूबाईंचा आवाज तुमच्याकडे आहे म्हणून. आजारपणात तोच ध्यास घेतला होता. रोज सकाळी चहा झाला की बसायचे या मशीनवरून मागायला."

दादाचं मशीन जाळ्याच्या यादीत नव्हतं.

"फोन का नाही केला, वहिनी?"

"जीभ रेटत नव्हती हो त्यांची. म्हणायचे, मशीन उचलतं आणि ठेवून देतं. धाकट्याचा राग अजून गेला नाही."

"मला माहीतच नव्हतं. आईशप्पथ, वहिनी, मला कळलंच नाही."

"मग कुणी ठेवला फोन, भाऊजी?"

जुळाऱ्याने विचारलं, "फाईल पाठवू का तुम्हाला?"

"आता कुणाला ऐकवू?" वहिनीने मशीनवर चादर टाकली.

घरी आल्यावर त्याने आधी चष्मेवाल्या बाईंना सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' असं काही बाई म्हणाल्या नाहीत. तो प्रोग्रॅम बदलत असताना शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवत राहिल्या, कारण त्याला पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं.

आता त्याच्या प्रोग्रॅममध्ये अनोळखी मशीनला उत्तर मिळतं: 'तुमची ओळख नाही म्हणून फाईल देता आली नाही. कृपया या नंबरवर बोला.' प्रत्येकाच्या मशीनवर ज्याचा त्याचा नंबर येतो. जाळ्यातले काही जण कुरकुरले, नसती ब्याद म्हणाले.

जुळाऱ्याच्या घरी फोन वाढले. कुणाला खेळ हवा असतो, कुणाचा नंबरच चुकलेला असतो. हातातला घास टाकून तो उठतो आणि म्हणतो, "बोला. मी ऐकतोय."