नहरीचं सागवान

सुलेखाला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणूनच ती एकदा बोलली तेव्हा सगळ्यांनी ते डोळे मिटून खरं मानलं.

हर्सूलच्या बाजूनं शहराला पाणी आणणारी जुनी नहर दुरुस्तीला निघाली होती आणि सुलेखा त्या कामावरची आर्किटेक्ट. झडपांच्या आणि हौदांवरच्या सागवानी फळ्या काढून तिथं शहरभरच्या पिशव्या-बाटल्या वितळवून केलेल्या प्लास्टिकच्या फळ्या बसवायच्या, हे तिचं वेड. त्या पाण्यात कुजत नाहीत, वाळवी त्यांना तोंड लावत नाही, झाड तोडावं लागत नाही. वेड चांगलंच होतं. पण नियम असा, की जुनं लाकूड धडधाकट असेल तर त्याला हात लावायचा नाही. आणि निम्म्याहून जास्त फळ्या धडधाकट होत्या.

दुरुस्ती समितीचे अध्यक्ष नानासाहेब पाहणीला आले तेव्हा सुलेखानं एका फळीच्या कुजक्या टोकात पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"सगळ्या अशाच?" नानासाहेबांनी विचारलं.

"सगळ्याच," ती म्हणाली. चांगल्या कामासाठी एवढं चालतं, असं तिनं मनाला समजावलं. चांगली माणसं बिघडतात ती अशीच. वाईट माणसांना निदान मनाला समजावत बसावं लागत नाही.

तिचे वडील मोतीराम कंपनीतून निवृत्त झालेले. जन्मात त्यांनी लेकीकडं काही मागितलं नव्हतं. वस्तीतल्या विहाराचं दार वाळवीनं खाल्लं होतं. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, फळ्या फेकूनच देणार असाल तर त्यातल्या दोन बऱ्या बघून विहाराला दे, तासून दार करू. सुलेखानं ताडकन नाही म्हटलं. ऐतिहासिक वास्तूची ढलपीसुद्धा बाहेर जाणार नाही, हे तिनं सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. बाईनं आपल्या लोकांचं भलं केलं, अशी कुजबुज होईल याची तिला भीती होती. नानासाहेबांच्या घराण्याबद्दल अशी कुजबुज कुणी करत नाही; ती तिच्यासारख्यांच्याच वाट्याला येते. मोतीराम "बरं" म्हणाले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

काम पार पडलं, फीत कापली गेली, फोटो छापून आले. मग नानासाहेबांनी पाचोडच्या रस्त्याला असलेल्या शेतावरच्या बंगल्यात सगळ्यांना जेवायला बोलावलं. सुलेखाला त्यांनी मानानं ओसरीतल्या झोपाळ्यावर बसवलं. बसताना तिचा हात फळीच्या कडेला लागला आणि तिथंच थांबला. कडेला पाणी शेंदायच्या दोरानं पडलेल्या खाचा होत्या. त्या खाचा तिनं स्वतः मोजल्या होत्या, त्यांचे फोटो काढले होते. तिनं मान वर केली. दिवाणखान्याचं दार त्याच सागवानाचं, जेवणाचं टेबलही त्याचंच. पॉलिशनं सगळं नुसतं झळकत होतं.

"तुम्हीच म्हणालात सडलंय," नानासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात चोरटेपणाचा लवलेश नव्हता. "म्हटलं, चुलीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ द्या."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. लाकूड चांगलं होतं म्हणावं, तर सडकं कुणी ठरवलं? रागानं तिची कानशिलं तापली, पण रागाहून शरम मोठी होती.

वस्तीतली मतं मोजणाऱ्याला वस्तीतली दारंही ठाऊक असतात. नानासाहेब म्हणाले, "तुमच्या विहाराचं दार गेलंय म्हणं. प्लास्टिकच्या चार फळ्या उरल्यात, घेऊन जा. वाळवी लागत नाय त्याला, तुम्हीच सांगितलंय."

"थँक्यू, साहेब," सुलेखा म्हणाली. वर आग्रहाची जिलबीही तिनं खाल्ली.

पुढच्या रविवारी विहाराला राखाडी दार बसलं. लेकीनं दार आणलं म्हणून मोतीराम नवा सदरा घालून उभे होते. शेजारच्या मनकर्णाबाईंनी दारावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "नहरीवरच्या फळ्या लई टणक होत्या. मी धुणं आपटलंय त्याच्यावर. त्यातली एखादी विहाराला लागली असती."

सुलेखानं तोंड उघडलं. सांगून टाकायचं तिनं ठरवलंच होतं. पण मोतीरामच पुढं झाले. आयुष्यात कधी न चढलेला आवाज त्यांनी चढवला. "सडल्या होत्या त्या. माझी लेक म्हणती सडल्या होत्या, म्हणजे सडल्या होत्या. व्हय ना गं, सुले?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"व्हय, अण्णा," ती म्हणाली.

मग सगळे आत जाऊन बसले आणि पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं तिनं सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा ते तिला म्हणवेना. पोरगी शहरात राहून विसरली असेल, असं मोतीरामांना वाटलं. त्यांनी तिच्याकडं झुकून ते तिच्या वाटचं मोठ्यानं म्हटलं.