मोर्शीचा टेलिफोन बोर्ड आणि मनकर्णाबाईंचा निरोप

मी मोर्शीच्या टपाल कचेरीतला टेलिफोन बोर्ड. आता मला कोणी ओळखत नाही. ज्या शाळेच्या संगणक खोलीत मी कोपऱ्यात उभा आहे, तिथली मुलं माझ्या अंगावरची भोकं मोजतात आणि 'हे काय, कबुतरखाना?' असं विचारतात. मित्रांनो, मला राग येतो, पण तो टिकत नाही. समोरच्या भिंतीवर दिवे लुकलुकवणारी काळी डबी आहे ना, जिला तुम्ही राउटर म्हणता, ती माझी नात लागते. विश्वास बसत नसेल तर ऐका.

१९५४ साली मी गवतात गुंडाळून, बसच्या टपावर बसून अमरावतीहून मोर्शीला आलो. सागवानी पेटी, पुढे पंचवीस भोकं, प्रत्येक भोकावर पितळेची एक झाकणी, आणि खाली पितळी टोकाच्या दोऱ्या. गावात टेलिफोन होते एकोणीस. त्यांतल्या प्रत्येकाची तार माझ्यापर्यंत यायची. कोणी आपल्या टेलिफोनचा दांडा फिरवला की माझी त्याच्या नावची झाकणी टपकन पडायची. मग बोर्डावर बसणाऱ्या सत्यवतीबाई दोरीचं एक टोक त्याच्या भोकात खुपसायच्या, दुसरं ज्याच्याशी बोलायचं त्याच्या, आणि दोन माणसं एकमेकांना भेटायची. असे अनेक टेलिफोन किंवा अनेक संगणक एकमेकांना जोडले की त्याला नेटवर्क म्हणतात. गावोगावची नेटवर्कं जोडत जोडत जगभर गेली, त्याला तुम्ही इंटरनेट म्हणता. आमचं जग अमरावती आणि अकोल्यापर्यंतच होतं, पण आम्हाला ते पुरायचं.

सत्यवतीबाई अमरावतीच्या एका शिक्षकांची मुलगी. आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, लोक नंबर सांगतील. छे! लोक म्हणायचे, "बाई, संत्रेवाल्या वामनरावले लावून द्या." नंबर कोणालाच पाठ नव्हता आणि करायचाही नव्हता. तेव्हा बाईंनी वहीत नावांपुढे नंबर लिहिले आणि महिन्याभरात वही तोंडपाठ केली. वामनराव म्हणजे सात नंबर. तुम्ही संगणकावर एखाद्या जागेचं नाव टाकता तेव्हा असंच होतं. यंत्राला नाव कळत नाही, त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. नावावरून तो पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आमच्याकडे तिला सत्यवतीबाई म्हणत.

बाई रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी एकेक झाकणी पुसायच्या. काळ्या मातीची धूळ फार वाईट, ती कुठेही शिरते. तारांची निगा नत्थुजी ठेवायचा. सायकलवर शिडी बांधून तो मैलोन्‌मैल हिंडायचा, तारांवर झोके घेणाऱ्या माकडांना शिव्या द्यायचा आणि परतल्यावर माझ्या पाठीवर थाप मारायचा. त्या दिवसांत माझा रुबाब काही औरच होता.

आता ती गोष्ट. १९५८ सालची, एका दुपारची.

एक बाई धापा टाकत कचेरीत आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. नाव मनकर्णाबाई, पाच कोसांवरच्या एका खेड्यातली.

"बाई, मले अकोल्याले बोलाचं हाय. मोठ्या दवाखान्यात. आमच्या घरचे तेथं हायेत."

तिचे मालक सरकी आणायला अकोल्याला गेले होते. तिथं पोटात कळ येऊन रस्त्यातच पडले. लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं, आणि एका बसच्या ड्रायव्हरनं खेड्यात निरोप पोचवला की चार वाजता ऑपरेशन आहे. मनकर्णाबाईंना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती वेगळीच होती.

"मांगच्या साली त्याहीले पेनसिलीनची सुई देल्ली तं अंग सुजलं, श्वास बंद पडला. डाक्तर म्हने, पुन्हा ही सुई देल्ली तं मानूस हाती लागनार नाई. मले ते नाव पाठ करून ठेवाले लावलं. तेथं कोनाले मालूम हाय का हे? ते तं तापात बरळून राहिले म्हने!"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. बसनं अकोल्याला पोचायला रात्र झाली असती. आता जे काही होतं ते माझ्यावर होतं.

पण मोर्शीहून बाहेर जाणारी तार एकच, आणि तिच्यावर वामनराव संत्र्यांच्या वॅगनबद्दल अमरावतीशी बोलत होते. एका तारेतून एका वेळी किती जाऊ शकतं, त्याला तुम्ही बँडविड्थ म्हणता. आमच्या तारेत एकच संभाषण मावायचं. तुमच्याकडे निरोपाचे बारीक तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहितात, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि एकाच तारेतून हजारोंची पॅकेटं शेजारी-शेजारी धावतात. आम्हाला ते सुख नव्हतं. सत्यवतीबाई मध्येच बोलल्या, "वामनराव, एकाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मंग मले काहून इचारता? काढा दोरी! संत्रं काय पळून जात नाई."

अमरावतीच्या बोर्डावर हेमचंद्र नावाचे ऑपरेटर होते. मोर्शीचा आवाज अकोल्यापर्यंत पोचता पोचता विरून जायचा, म्हणून सत्यवतीबाई बोलायच्या ते हेमचंद्र ऐकून पुढे अकोल्याला सांगायचे. एका टप्प्यानं पुढच्या टप्प्याकडे द्यायचं, हेच तुमचे राउटर करतात. हेमचंद्रांचा एक नियम होता. आलेला शब्द जसाच्या तसा पुढे द्यायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. दोन्ही टोकांनी पाळायच्या अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

दवाखान्यात टेलिफोन उचलला चिंतामण नावाच्या कारकुनानं. प्रश्न आला, "रोग्याचं नाव?"

सत्यवतीबाईंनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी जमिनीकडे पाहिलं.

मित्रांनो, त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानत. आणि इथे तर त्याचं आयुष्य आधीच टांगणीला लागलेलं!

"ते... गोकुळात राहते ना, त्याचं नाव हाय," त्या पुटपुटल्या.

"कृष्ण?" बाईंनी विचारलं. अमरावती म्हणाली कृष्ण, अकोला म्हणालं, या नावाचा कोणी नाही.

"गोपाळ?" अकोला म्हणालं, गोपाळ आहे, सांगा निरोप.

"नाई, नाई!" मनकर्णाबाई ओरडल्या. "गोपाळ नाई!"

मला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता. पत्ता जवळपासचा असून चालत नाही. एक आकडा चुकला तरी निरोप भलत्याच घरी जातो, आणि ज्याला हवा तो वाट पाहत राहतो. साडेतीन वाजून गेले.

सत्यवतीबाईंनी मनकर्णाबाईंचा हात धरला. "लग्नात नाव घेतलं होतं ना? उखाण्यात घ्या. उखाण्यात दोष नसतो."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडावर ओढला. खिडकीबाहेरच्या तारेवर एक पोपट बसला होता, त्याच्याकडे पाहत, रडत रडत त्या म्हणाल्या,

"टपालाच्या तारेवर बसला राघू,
किसनरावांचं नाव घेते, देवा, अंत नको बघू."

सत्यवतीबाईंनी तो उखाणा तसाच पुढे दिला. मिशाळ हेमचंद्रांनी आपल्या भरड्या आवाजात अख्खा उखाणा अकोल्याला ऐकवला, राघूसकट. नियम म्हणजे नियम.

"किसनराव. आहेत. खाट अठरा."

"पेनिसिलीन देऊ नका. मागे जिवावर बेतलं होतं."

"पेनिसिलीन द्यायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

मिळालेला निरोप असा परत ऐकवून खात्री करतात. तुमची यंत्रंसुद्धा पोच देतात. पोच येईपर्यंत निरोप पोचला असं धरायचं नसतं. चिंतामण धावत गेले आणि परत आले. "डॉक्टरांना सांगितलं. सुई भरून ठेवली होती, फेकून दिली."

मनकर्णाबाई माझ्याच पायाशी बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. मलाही रडावंसं वाटलं.

महिन्याभरानं दोघं कचेरीत आले. किसनराव वाळून काटकुळे झाले होते, पण चालत आले. त्यांनी मला हात जोडले, आणि मग सत्यवतीबाईंपाशी तक्रार केली.

"बाई, हे माह्यं नाव मोर्शीनं आयकलं, अमरावतीनं आयकलं, अकोल्यानं आयकलं. मीच तेवढा बेशुद्ध होतो! आता नाव घे म्हणतो तं हिचं तोंड उघडत नाई."

"काहीतरीच बोलून राहिले," मनकर्णाबाई पदराआडून म्हणाल्या.

सत्यवतीबाई हसल्या. त्यांनी किसनरावांना कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या खोलीत बसवून दार लावलं. मनकर्णाबाईंच्या हाती पोस्टमास्तरांच्या टेबलावरचा टेलिफोन दिला. दोघांत अंतर बारा फूट. मग दोरीचं एक टोक इकडे, एक तिकडे. आणि दोरी बसवून झाल्यावर त्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला व त्या खिडकीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. त्या दिवशी पुढे सांगायचं काही नव्हतं, म्हणून ऐकायचंही नव्हतं.

आज तुम्ही निरोपाला कुलूप घालता, त्याला एन्क्रिप्शन म्हणता. आमच्याकडे कुलूप एवढंच होतं.

किसनराव डोळे पुसत बाहेर आले. पुढे काही वर्षांनी आपोआप जोडणी करणारी स्वयंचलित यंत्रं आली, मी पोत्यांखाली गेलो, उंदरांनी माझ्या दोऱ्या कुरतडल्या, आणि शेवटी या शाळेत आलो. त्याचं दुःख आहे, नाही कसं? म्हणून सांगतो, मित्रांनो, यंत्रावरची धूळ पुसत जा, तारेवर पाय देऊ नका. आणि दुसऱ्याचा निरोप तुमच्या हातून जात असेल तर तो सांभाळून न्या, वाटेत उघडून चारचौघांत वाटू नका.

त्या बारा फुटांत मनकर्णाबाई काय बोलल्या, ते माझ्याच तारेतून गेलं, तेव्हा मला ते ठाऊक आहे. पण ते ज्याचं होतं त्याला पोचलं. तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही.