गवतातली माती

यंत्राने तिसरं झाड उपटलं, तेव्हा सून बांधावर उकिडवी बसून दोन बाटल्यांमधला गाळ खाली बसायची वाट बघत होती. गाळाला कसली घाई! घाई सासऱ्यांना होती. नासपतीची बाग चार वर्षं वाळत चाललेली आणि माती उत्तम असल्याचा अहवाल दरवर्षी येतोय, म्हणजे दोष झाडांचाच. एकदा त्यांच्या डोक्यात बसलं की बसलं. संध्याकाळपर्यंत सगळी बाग आडवी होणार होती.

तिला खटकली ती पहिल्या पडलेल्या झाडाची मुळं. टोकं काळी, आखूड, भाजल्यासारखी. म्हणून तिने एका बाटलीत ओळींमधल्या गवतातली माती घेतली. दुसरीत झाडाखालच्या उघड्या पट्ट्यातली. तिथे सासरे तणनाशक मारून एक पातं उगवू देत नसत आणि ठिबकमधून खत सोडत. दोन्हींत पाणी घालून तिने आम्लता दाखवणाऱ्या रंगाचे थेंब टाकले होते.

चौथ्या झाडाला साखळी अडकवली गेली.

गवताची बाटली हिरवी झाली, म्हणजे ती माती ठीक. दुसरी पिवळी आणि बघता बघता नारिंगी. वर्षानुवर्षं सोडलेल्या खताने झाडाखालची माती आम्ल झाली होती, मुळं जाळण्याइतकी. चुना घातला तर बाग वाचणार होती. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. दरवर्षी तपासणीला माती तीच पाठवायची. झाडाखाली जमीन दगडासारखी, गवतात मात्र कुदळ अलगद जायची. नऊ वर्षं तिने सोपी माती पाठवली होती.

गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. ती बाटल्या घेऊन धावत सुटली.

"बाबा, थांबवा! माती बिघडलीये, झाडं नाही!"

"मग अहवाल?"

"तो गवताचा होता. मी गवतातूनच माती घ्यायचे. झाडाखाली खणवत नव्हतं."

साखळी ताणली गेली. बुंधा करकरला. सासऱ्यांनी हात वर केला आणि इंजिन बंद झालं.

"किती वर्षं?"

"नऊ."

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून तिने मान खाली घातली. सासरे नारिंगी बाटलीकडेच बघत होते.

"झाडं वाळतायत म्हणून दरवर्षी खत वाढवलं ते मी," ते हळूच म्हणाले. मग आडव्या झाडांकडे वळले. "ही तीन... दीड तुझ्या नावावर, दीड माझ्या. घे कुदळ. चौथ्याच्या बुडातली माती काढ तपासणीला. माझ्यासमोर."