सातवा रकाना

“छोटे मालक, हे थांबवा. चूक झालीये.”

बाइंडरबाईंनी कागदावरचं बोट उचललं नाही. पुढच्या वर्षाच्या डायरीचे फर्मे, घड्या घालून शिवायचे मोठे कागद, नुकतेच छापून आले होते आणि प्रत्येक महिन्यात सोमवारचा रकाना पहिला होता, रविवारचा शेवटचा. एकतीस वर्षं त्या इथे डायऱ्या बांधत होत्या. रविवार डावीकडे पहिला आणि शनिवार उजवीकडे सातवा, ही जागा कधी हलली नव्हती.

छोटे मालक हसले. “चूक नाही, मावशी. ऑफिसवाल्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो. त्यांनीच तसं मागितलंय. पाच हजार प्रती.”

“म्हणजे रविवार सातवा?”

“कागदावर.”

जुळणीच्या टेबलाभोवती बायका खुसखुसल्या. “मावशी, गेला तुमचा शनिवार! आता सहाव्या दिवशी देवसुद्धा कामावर.”

“त्याला रजा मागावी लागत नाही,” बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांबरोबर त्याही हसल्या. या टेबलावर त्यांच्या शनिवारची चेष्टा रोज व्हायची. त्यांना ती आवडायची. घरी चेष्टा करायलाही कुणी नव्हतं.

छोटे मालक मात्र गेले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि आवाज उतरवला. “मावशी, एक बोलायचंय. नवं शिलाई मशीन येतंय. ते एकट्या माणसाने चालवायचं नाही, तसा नियमच आहे. त्यामुळे तुमचं रविवारचं एकटीने येणं बंद करावं लागेल. मशीनवर सहाही दिवस माणूस लागणार, तेव्हा शनिवारी सगळ्यांबरोबर या.”

“मोठ्या मालकांनी किल्ली दिली होती मला.”

“माहितीये. बाबांच्या वेळी मशीन नव्हतं. नाहीच जमलं तर हातशिलाईचं काम घरी पोचवतो, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. सोमवारी सांगा. एका दिवसाने काय फरक पडतो हो?”

हा प्रश्न बाईंना आयुष्यभर कुणी ना कुणी विचारत आलं होतं. त्यांची मंडळी लहानशी, ख्रिस्तीच, पण शनिवार पाळणारी. इतर ख्रिस्ती रविवारी प्रार्थनेला जमतात. यांचं म्हणणं असं, की बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा कुणीही रद्द केलेली नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की काम खाली ठेवायचं, ते शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. या एका दिवसापायी बाईंचं ठरलेलं लग्न मोडलं. या एका दिवसापायी त्या शनिवारी, गाव कामावर असताना, घरी असत आणि रविवारी, गाव घरी असताना, कामावर. उरलेल्या पाच दिवसांत जी काही माणसं भेटायची, ती या टेबलाभोवतीच.

आज शुक्रवार होता. बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, हातातली शिलाई होती तिथे थांबवली आणि सुई दोऱ्यासकट फर्म्यात टोचून ठेवली. वडिलांनी शिकवलेलं होतं ते. तेही बाइंडर. म्हणायचे, “राहू दे अर्धं. अर्धं काम आपल्याला खात नाही.”

मंडळीची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. शनिवारी खाली हातोड्या चालत आणि वर प्रार्थना. भिंतीवर लाकडी फळा होता, त्यात आकड्यांच्या पाट्या सरकवायच्या: गीत क्रमांक, आणि खाली हजेरी, गेल्या शनिवारची आणि आजची. बाई लहान असताना तिथे सत्तरच्या पुढचे आकडे लागत. पुढे बरीच वर्षं अकरा. गेली दोन वर्षं, दोन.

दुसरे म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, वाचन तेच करायचे. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी वाचन संपवलं, चष्मा काढला आणि पुसत बसले.

“उद्या निघतोय. मुलगी न्यायला येतेय.”

“तुम्ही म्हणाला होतात, महिनाअखेर.”

“तिला सुट्टी आत्ताच मिळाली.” चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसत होते. “तिथे शनिवारवालं कुणी नाही गं. ती रविवारी जाते, नातवंडं जातात. मीही जाईन म्हणतो.”

खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

“आपलं चुकलं का, मास्तर?”

“शनिवार सातवा, त्यात चूक नाही. पण प्रभू कबरेतून उठला तो पहिला दिवस, रविवार, त्या दिवशी जमणारे काही मूर्ख नव्हते. आणि एके ठिकाणी असंही लिहिलंय, की कुणाला एक दिवस मोठा वाटतो, कुणाला सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.” ते थांबले. “तो भाग मी इथे कधी वाचला नाही. सोडून पुढे जायचो. अकरा माणसं होती, उगाच फाटाफूट नको.”

“मग आज वाचायचा होता. आता फाटाफूट झाली तरी दोनच तुकडे होणार.”

मास्तर मोठ्याने हसले. हसता हसता डोळे टिपले आणि उठले. जिन्यात म्हणाले, “डायरीत पान लावशील ना माझ्या? या वर्षीही?”

पान म्हणजे सूर्यास्ताचा तक्ता. वर्षभरातल्या शुक्रवार-शनिवारच्या वेळा. दरवर्षी मंडळीतल्या प्रत्येकाच्या डायरीत बाई तो स्वतः शिवून देत.

“रविवारी जाणार ना तुम्ही?”

“जाईन. पान मात्र असू दे.”

सूर्य मावळल्यावर फोन वाजला. त्याआधी त्या उचलत नाहीत हे धाकट्या बहिणीला माहीत होतं. रविवारवाल्या घरात लग्न करून तिला छत्तीस वर्षं झाली होती. बाईंनी तिला मशीनचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, सोमवारपासून सुरू होणाऱ्या डायरीचं सांगितलं.

“म्हणजे आता आम्हीच सातव्या दिवसवाले!” बहीण खिदळली. मग म्हणाली, “ताई, पुरे कर आता. कुणासाठी करतेस? ये आमच्यात. मागच्या बाकावर बस, कुणी विचारत नाही. देवाला काय कॅलेंडर कळत नाही का?”

“कळतं, म्हणून तर.”

“हट्ट आहे तुझा.”

“असेल.” बाईंनी जरा विचार केला. “तू चुकलीस असं नाही म्हणत मी. पण शुक्रवारी सुई खाली ठेवली ना, की मग मी कुणाचं काही देणं लागत नाही. तेवढा एकच दिवस मला असं वाटतं, की माझ्याशिवाय सगळं चाललंय आणि ते बरं चाललंय. तो दिवस इकडून तिकडे ठेवता येईलही. मला नाही जमत.”

“आणि घरी एकटीने शिवत बसणं जमेल? सहाही दिवस?”

बहिणीने नंतर पायदुखीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

रविवारी त्यांनी कारखाना शेवटचा उघडला. शुक्रवारची अर्धी शिलाई पुरी केली. मग पान घेतलं. मास्तरांच्या नव्या गावी सूर्य इथल्यापेक्षा सात मिनिटं उशिरा मावळतो, हे त्यांनी फोन करून त्यांच्या मुलीकडून विचारून घेतलं होतं. छापील तक्ता तिथे चालणार नव्हता. म्हणून दर वेळेत सात मिळवत त्यांनी सगळं वर्ष पेनाने लिहून काढलं, दुपारपर्यंत, आणि पान शिवून डायरी पाकिटात घातली.

सोमवारी किल्ली छोट्या मालकांच्या टेबलावर ठेवली. “शनिवारी नाही जमणार. घरी पाठवा काम.”

“मावशी, नीट विचार केलात? इथली सवय आहे तुम्हाला.”

“आहे ना.”

जुळणीच्या टेबलावरच्या बायकांनी त्या दिवशी चेष्टा केली नाही. एकीने नुसती स्वतःची चांगली कात्री त्यांच्या पिशवीत घातली.

आठवडाभर फर्मे घरी येत राहिले. आणणारा दारातच ठेवून जायचा. शुक्रवारी ऊन खिडकीतून सरकलं तशी बाईंनी सुई अर्ध्या ओळीत टोचली आणि हात धुतले.

शनिवारी जिना चढून त्यांनी खोली उघडली. सवयीने दोन खुर्च्या मांडल्या, मग एक घडी करून भिंतीला लावली. गीताचा क्रमांक लावला, एकटीने म्हटलं, खालच्या हातोड्यांच्या वर आवाज चढवून. वाचनाची पाळी आली तेव्हा मास्तर सोडून द्यायचे तो भाग त्यांनी काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश, मोठ्याने वाचला.

मग फळ्यापाशी गेल्या. ‘गेल्या शनिवारी’च्या खणातला जुना दोन काढला आणि ‘आज’च्या खणातला दोन तिथे सरकवला. खोक्यात तळाशी एकच्या दोन पाट्या होत्या, अकराच्या वेळच्या, एकमेकींना चिकटलेल्या. बाईंनी त्या नखाने सोडवल्या, एक पदराने पुसली आणि खणात नीट मधोमध बसवली. दुसरी खोक्यात परत ठेवली.