कोरे हात

काल रात्रभर आमच्या कोन गावच्या घरी मांडवात हळद झाली आणि मी मागच्या पडवीत बसून कांदे कापले. कांदे कापायला विधवा चालते. भाकऱ्या थापायला चालते, मटणाच्या टोपाखाली लाकडं सारायला तर फारच चालते. फक्त नवऱ्या मुलाला हळद लावायला चालत नाही. आणि नवरा मुलगा कोण? माझा धाकटा भाऊ, शैलेश.

"वाईट वाटून घेव नको गो बाय," आई मागे येऊन सांगून गेली. "रीत हाय ती." तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

"नाय वाटत," मी म्हटलं. साफ खोटं. मला फार काही नको होतं. एक बोट हळद त्याच्या गालाला लावायची होती, बस. शाळेत जाताना त्याच गालाला मी पावडर फासायची आणि हा पळायचा. मी कान मांडवाकडे लावून बसले होते. कधीतरी डीजे थांबेल आणि हा म्हणेल, "विनिताताई कुठंय?" डीजे थांबला, धवलारणी बायकांची लग्नाची गाणी झाली, सगळे जेवले, भांडी माझ्याकडे आली. हाक काही आली नाही.

आता दुपार. पनवेलच्या हॉलवर निघायची घाई चालली होती. माझं अंग नुसतं आंबून गेलं होतं. इतकी दमले होते की भावाचा रागसुद्धा धड येत नव्हता. उरलेल्या पाहुण्यांसाठी परत कांदेच घेऊन बसले होते, तेवढ्यात आतून मोनाली किंचाळली.

"अगो बाय, मेले मी!"

मोनाली आमची चुलत बहीण. झालं होतं असं, की शैलेशच्या सुटाच्या वरच्या खिशात पांढरा रेशमी रुमाल खोचायचा होता. तीन टोकं वर दिसली पाहिजेत, असा होणाऱ्या भावजयीचा, आभाचा हुकूम. तिनं फोटोही पाठवला होता. मोनाली हौसेनं घडी घालायला बसली. हात कालच्या हळदीचे, वर घाम. रुमालावर पिवळी बोटं उमटली. तिथंच थांबावं ना! बाईनं डागाला साबण चोळला. हळदीला साबण लागला की काय होतं, हे आगऱ्याच्या पोरीला कळू नये? डाग लालभडक झाला.

"जल्लं मेलं तुझं लक्षान!" आई ओरडली.

नशिबानं शिंप्यानं दोन रुमाल दिले होते. दुसरा पाकिटातच होता, पण त्याला हात लावायची कोणाची छाती होईना. जो तो आपले हात बघत होता. मोनालीनं हातांत दुधाच्या पिशव्या चढवून पाहिल्या, पाकीटच निसटलं. नवऱ्या मुलाचे हात तर सगळ्यांत पिवळे. शेवटी आई पडवीत आली.

"विनिता, तुजे हात कोरे हाय ना गो?"

म्हणाली आणि आपले पिवळे हात मागे घेतले. काय बोलून गेली ते तिचं तिला कळलं असावं. मी विळी आडवी केली.

"कोरेच राहणार ना, आये."

नाही म्हणावंसं वाटलं. मी पनवेलला साड्यांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या दिवसभर घालते. भावाच्या लग्नाची रजा काढली, तीही घड्या घालायलाच! पण उठले. कांद्याचा वास जाईपर्यंत हात धुतले, पुसले आणि आत गेले.

शैलेश सूट घालून उभा होता. छान दिसत होता मेला. माझ्याकडे बघेना, बुटांकडे बघत होता. मी पलंगावर रुमाल पसरला, त्रिकोण केला, टोकं जराशी सरकवली, बाजू आत घेतल्या, खालचा भाग वर दुमडला. तीन टोकं उभी राहिली.

"त्याचे हातात दे," आई हळूच म्हणाली. "तो घालील."

"ते हात बघ," मी म्हटलं.

मग मीच गेले आणि रुमाल त्याच्या खिशात बसवला. त्याची छाती धडधडत होती, बोटांना कळलं.

"ताई," तो पुटपुटला, "काल मी..."

"काल तू हाक मारायला हवी होतीस, शैलेश."

"आई म्हनली, नको."

"आणि तू ऐकलंस. एरवी कधी ऐकतोस तिचं?"

त्याचे डोळे भरले. माझे नाही भरले, रात्रभर कांद्यावर सगळं वाहून गेलं होतं. निघताना बोट लावायला म्हणून आईनं देवापुढे वाटीत थोडी हळद राखून ठेवली होती. मी वाटी उचलली. मोनालीनं तोंडावर हात नेला. आई "विनिता" एवढंच म्हणाली. मी दोन्ही हात वाटीत घातले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. तो माझ्यापेक्षा हातभर उंच. हा वाकला नाही तर माझा हात पोचणार नव्हता. मी काही त्याला वाक म्हणणार नव्हते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शैलेशनं एकदा आईकडे पाहिलं.

मग वाकला. चांगला कंबरेतून वाकला. मी त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली, भरपूर लावली. कॉलरलाही लागली. लागू दे.

तो सरळ झाला तेव्हा रुमाल खिशात पार आत गेला होता. तीन टोकांतलं एकही वर नव्हतं.

"अगो, घडी मोडली!" आई म्हणाली. "आभाचे घरची मान्सा काय म्हनतील? विनिता, परत घाल गो, लवकर!"

मी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.

"कशी घालू, आये? माजे बी हात हळदीचे हाय."