पहिलं अक्षर

कंगव्याचं चित्र तिने कॅमेऱ्यासमोर धरलं आणि संगणक थिजला.

पडद्यावर काकांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. माउसचा बाण हलेना. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा जागच्या जागी थबकलं. चित्र हातात तसंच धरून ती बसून राहिली, कारण हे आता रोजचंच झालं होतं आणि थोडी वाट पाहिली तर आपोआप सुटेल अशी भाबडी आशा तिला अजूनही होती. सुटलं नाही. मग टेबलाखाली वाकून तिने संगणकाच्या पाठीत खोचलेला वायफायचा बोटभर अडॅप्टर उपटला. त्याबरोबर घड्याळ चालू लागलं, बाण उडी मारून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि कॉल अर्थातच तुटला.

"मेल्या!" ती अडॅप्टरला म्हणाली.

ती स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. लांब राहणाऱ्या रुग्णांसाठी रुग्णालयाने ते व्हिडिओ कॉलवर सुरू केलं होतं आणि तिच्या घरातली मागची खोली म्हणजे आता दवाखानाच झाला होता. काका फळबाजारात लिलाव पुकारायचे. अख्ख्या बाजारावर आवाज चढवणाऱ्या या माणसाकडे आता एकच शब्द उरला होता. बरोबर. पाणी हवंय का? बरोबर. नको का? बरोबर. पाठ दुखते का, झोप लागली का, बायको छळते का, सगळ्याला बरोबर. त्यांना समजत सगळं होतं. नको ते उत्तर तोंडातून गेलं की ते डोळे गच्च मिटून घेत, आणि ते बघवत नसे.

कॉल पुन्हा जोडला तेव्हा काकू पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या.

"ताई, एक सांगू का? तुमचं ते मशीन अडकतं ना, तेव्हा हे…"

"हो हो, काका वैतागतात, कळतंय मला. मीपण वैतागलेय काकू. बघते आता त्याच्याकडे. चला काका, आपलं राहिलंय. हे काय? कं… कं…"

"कंगवा," काका म्हणाले.

"शाब्बास!"

काकू मागे सरकून खुर्चीत बसल्या.

संध्याकाळी विभागप्रमुख बाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या आवाजात नेहमी मागे उभ्या असलेल्या रांगेची घाई असे.

"फळबाजारवाल्या काकांचं उद्याचं सेशन झालं की थांबवू या का? प्रगती दिसत नाहीये."

"आज कंगवा म्हणाले ते."

"तुम्ही 'कं' म्हटल्यावर?"

तिने समोरचं कंगव्याचं चित्र उलटं ठेवलं.

"सांगून म्हणवलेला शब्द धरत नाहीत, तुम्हाला माहितीये. उद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वतःहून आलेला एक शब्द दाखवा. एकच. मग पुढचं मी बघते."

"मॅडम, संगणक दर थोड्या वेळाने गोठतो. रंगात आलेला माणूस मध्येच तुटतो. बोलणार कसा तो?"

"मग मदत-कक्षाला सांगा ना," बाई म्हणाल्या. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की जणू तिला ते आजवर सुचलंच नव्हतं.

मदत-कक्षातला तरुण अत्यंत नम्र होता. नम्रपणाने माणसाला वेड कसं लावता येतं हे त्याच्याकडून शिकावं.

"आपण संगणक बंद करून पुन्हा सुरू केलात का?"

"केला. हे बघा, अडॅप्टर काढला की लगेच…"

"म्हणजे आपलं इंटरनेट स्लो आहे."

"स्लो नाही हो! अख्खा संगणक थांबतो. बाणसुद्धा हलत नाही. आणि अडॅप्टर काढला की…"

"ब्राउझरमधल्या कुकीज क्लिअर करून पाहा."

"अहो, माझं वाक्य तरी पुरं होऊ द्या!"

"आपलं समाधान झालं असल्यास एक दाबा," तो म्हणाला आणि खरोखरच फोनवर टुण्ण वाजलं. ती फोनकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि दाबायला एकच आकडा होता.

घरी तरी काय वेगळं होतं? जेवताना तिने विषय काढला मात्र, जो तो डॉक्टर झाला. नवरा विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच तो ऐकायला बसत असे.

"तू त्याच्यावर काय काय उघडून ठेवतेस कोण जाणे. व्हायरस असणार."

"काही उघडत नाही. मी फक्त…"

"आई, टॅब," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. मान ताटावरून वर उचलायचे कष्टही तिने घेतले नाहीत. "तू टॅब बंदच करत नाहीस."

"एकच टॅब असतो गं माझा!"

धाकट्या दिरांना फोन लावला. ते एका मोठ्या कार्यालयात संगणक विभाग सांभाळायचे आणि घरोघरच्या संगणकांबद्दल बसल्या जागेवरून निकाल द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते भाऊजींकडे बघून कळावं.

"वहिनी, तुम्ही काय करता, ती स्टिक जोरात खोचत असाल. पोर्ट ढिलं झालं असेल."

"भाऊजी, पोर्ट बदलून पाहिलं. मी तुम्हाला सांगते नेमकं काय होतं ते…"

"कळलं कळलं. मी मागे लावून दिलं तेव्हा तर चांगलं चालत होतं."

नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि हसत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

लेक फिसकन हसली. लेकीकडे न बघता ती उठली, आपलं ताट उचललं आणि आत जाऊन इतक्या जोरात नळ सोडला, की बाहेरचं काही ऐकू येऊ नये. उद्यानंतर काकांची सेशन थांबणार होती. एका माणसाचं बोलणं कायमचं राहून जाणार होतं आणि इथे म्हणींचे कार्यक्रम चालले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. अडॅप्टर काढण्या-घालण्यापलीकडे तिने त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता.

सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मात्र तिने हात लावला.

अडॅप्टर जुन्या संगणकाशी बोलतो तो ड्रायव्हर नावाच्या एका प्रोग्रॅममार्फत, एवढं तिला माहीत होतं. दोघांमधला दुभाषाच म्हणायचा. तिने संगणकात बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली, चष्मा नाकावर चढवला आणि एकेक नाव वाचत खाली आली. दुभाषा एक नव्हता. तीन होते. एक अडॅप्टरच्या खोक्यातल्या सीडीवरून बसवलेला. एक कुठल्याशा फुकटच्या संकेतस्थळावरून उतरवलेला, त्याच्यासोबत 'वेग वाढवा' म्हणणारं एक भलतंच बाडबिस्तर. आणि एक भाऊजींच्या कार्यालयात वापरतात त्या जातीचा, त्यांनीच दुरून जोडणी करून घातलेला असणार.

तिने नवऱ्याला फोन केला.

"मी? हो, घातला होता मागे. भाऊचा नीट चालत नव्हता म्हणून सीडीवरचा घातला. का?"

लेकीला केला.

"आई, बाबांनी काहीतरी जुनाट घातलं होतं, म्हणून मी नवा घातला. तुला सांगून काय कळणार होतं?"

म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचं बिघडलेलं गुपचूप दुरुस्त केलं होतं. काढलं मात्र कोणी काही नव्हतं. एक ना धड भाराभर चिंध्या. आत तीन दुभाषे एकाच वेळी तोंड घालत होते, संगणकाची बोबडी वळत होती आणि बोलणी कोण खात होतं? तर ती! रिकाम्या घरात ती मोठ्याने बोलली, खुर्चीला, भिंतीला, कपाटाला. नवऱ्याला जे ऐकवायचं होतं ते कपाटाला ऐकवलं. मग तिन्ही ड्रायव्हर एकेक करून काढून टाकले. संगणक पुन्हा सुरू केला. त्याच्या पोटात मुळातच एक साधा ड्रायव्हर होता, त्याने अडॅप्टर निमूटपणे ओळखला. तिने एक लांबलचक व्हिडिओ लावून ठेवला आणि भांडी घासायला गेली. परत आली तरी तो चालूच होता. घड्याळ चालत होतं. बाण पळत होता.

हे नुसतं जिंकणं नव्हतं. आज काका बोलणार होते.

दुपारी कॉल लागला. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शेवटचा दिवस आहे हे काकूंना कळवलं गेलं होतं, हे त्या सदऱ्यावरूनच समजलं. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला.

"आज काही अडकणार नाही हं," ती उत्साहाने म्हणाली. "चला काका. हे काय?"

चमचा होता. काकांचे ओठ हलले. काही आलं नाही.

"च… चम…"

"चमचा."

"छान! आणि हे? छ… छत्…"

"छत्री."

चित्रामागून चित्र जात होतं. संगणक लोण्यासारखा चालत होता. काका तिच्यामागून शब्द म्हणत होते आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता. तिने चित्रं बदलली, आवाज बदलला, त्यांच्या बाजारातली फळं दाखवली. तरी तेच. मध्येच काका स्वतःहून म्हणाले, "बरोबर," आणि डोळे मिटून घेतले. आज यंत्राला दोष द्यायचीही सोय नव्हती.

"काय झालं असेल काकू?" तिने शेवटी विचारलं. "आज तर मशीनपण ठीक आहे."

"तेच ना," काकू म्हणाल्या. "आज अडकलं नाही."

"म्हणजे?"

काकूंनी आधी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "बोलू मी?"

"बोला ना."

"मशीन अडकलं ना, की तुमचा चेहरा तसाच राहायचा. हातात चित्र, आणि आमच्याकडे बघताय. किती वेळ. हे आपले तुमच्याकडे बघत बसायचे. मग बोलायचे. हळू, पण बोलायचे, ताई. काल त्या कंगव्याला फणी म्हणाले. आमच्या घरात फणीच म्हणतात."

"फणी?"

"दोनदा म्हणाले. मग तुम्ही परत आलात."

"अहो पण मग काकू, मला आधी का नाही सांगितलंत?"

काकू पदराचं टोक नीट करत राहिल्या.

तिला राग आला. आधी काकूंचा आला, मग त्या रुग्णालयाचा, मग टेबलाखालच्या त्या बोटभर वस्तूचा, आणि एकेका दारावरून परत फिरत तो शेवटी तिच्याच पुढ्यात येऊन बसला. कान गरम झाले. 'कं' म्हणत ती ज्या शब्दाला ढकलत होती तो त्या माणसाचा शब्दच नव्हता. त्याचा शब्द त्याच्या जिभेवर आलेला असताना तिने त्याच्यावर पाय दिला होता, आणि वर शाब्बास म्हटलं होतं.

तिने गठ्ठ्यातून एक चित्र काढलं. किल्ली. ते कॅमेऱ्यासमोर धरताना जीभ सवयीने टाळूला लागली. तिने ओठ मिटले.

काका चित्राकडे बघत होते. ती काकांकडे. काही झालं नाही. तिच्या घशात ते 'कि' नुसतं धडका मारत होतं. हात दुखायला लागला. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा निरखून, अडकलाय की काय ते बघितल्यासारखं. ती पापणीसुद्धा हलवीना. काकांचे ताठलेले खांदे हळूहळू सैल झाले.

बाहेरचं दार वाजलं. नवरा आज लवकर आला होता. सकाळच्या फोनचं मनाला लागलं असावं. तो खोलीच्या दाराशी येऊन थांबला. बायको चित्र धरून पुतळ्यासारखी बसलेली, पडद्यावर म्हातारा तोंड उघडून तसाच.

"बघ, पुन्हा थिजला!" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, तुला नाही जमणार म्हणून? सरक, मी काढतो."

आणि तो टेबलाखाली वाकला.

तिने मान वळवली नाही. चेहरा तसाच ठेवून मोकळा हात खाली नेला आणि अडॅप्टरपर्यंत पोचलेलं त्याचं मनगट धरलं. असं धरलं, की त्याने "अगं, पण…" एवढंच म्हटलं आणि पुढचं गिळलं. तो वाकलेला तसाच राहिला.

काकांचे ओठ हलत होते. काकू पुढे झाल्या, पण त्याही गप्पच राहिल्या.

"कु…" काका म्हणाले. खूप वेळ गेला. "कुलूप."

तिने चित्र हलवलं नाही. शाब्बास म्हटलं नाही. काकांनी डोळे गच्च मिटले, उघडले, आणि चित्राकडे बघून मान जोराने हलवली.

"नाही," ते म्हणाले.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. टेबलाखालून नवऱ्याने हळूच विचारलं, "कोण बोललं?" तिने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं. काकांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.